येणे आणि देणे

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

गेल्या दत्तजयंतीला नृसिंहवाडीला होतो. जन्मकाळ झाला, सुंठवड्याचा प्रसाद हातावर पडला आणि गर्दी घाटाकडे उतरू लागली. तेवढ्यात आमच्या पेठेतले एक जुने स्नेही भेटले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "अण्णा, तुमचा मुलगा सुटला हो! व्यापारातनं सुटून विद्यादानाला लागला. पूर्वपुण्य लागतं त्याला."

मी "महाराजांची कृपा" म्हणालो आणि पुढे झालो. पण तो शब्द पायात काटा मोडावा तसा राहिला. सुटला? सुटला म्हणजे कशातून? ज्या दुकानावर माझे आजोबा बसले, वडील बसले, मी सत्तेचाळीस वर्षे बसलो, ज्याच्या पैशावर याच वाडीला दरवर्षी अन्नदानाची पावती फाडली, ते काय तुरुंग होते? आणि तो तुरुंग असेल तर मी अजून आतच आहे की! माझ्याबद्दल यांना कधी गळा भरून आला नाही.

वाचकहो, हा लेख मी त्या शब्दावर लिहितो आहे. मी काही विद्वान नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-गुळाचे आमचे अडत दुकान. शेतकऱ्याचा माल यायचा, सौदा व्हायचा, पट्टी करायची, रोजमेळ लिहायचा आणि गुरुवारी वाडी गाठायची, एवढाच माझा अभ्यास. पण थोरल्याने चाळिशी ओलांडल्यावर चालते दुकान सोडले, बी. एड. केले आणि तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणिताचा मास्तर झाला. तेव्हापासून जो तो मला दोनच गोष्टी सांगतो. निम्मे म्हणतात, "केवढा त्याग!" निम्मे म्हणतात, "काय हे खूळ!" दोन्ही ऐकून मी कंटाळलो आहे. मला वाटते, दोघांचाही हिशेब चुकला आहे.

आधी त्यागवाल्यांचे बघू. आपल्या दत्तसंप्रदायात अवधूताचे चोवीस गुरू सगळ्यांना पाठ. त्यातला मध गोळा करणारा व्यापाऱ्याला हमखास ऐकवतात. मधमाशी कणकण साठवते, स्वतः खात नाही, दुसऱ्याला देत नाही, आणि एक दिवस कोणी तरी येऊन पोळेच काढून नेतो. कीर्तनात हा दृष्टांत निघाला की बुवांची नजर बरोबर पुढच्या ओळीत बसलेल्या आम्हा पेठेतल्या लोकांवर जाते. दृष्टांत खोटा नाही. 2005 च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि जमिनीखाली जपून ठेवलेली हळद लोकांच्या डोळ्यांदेखत गेली. तेव्हा मला ती मधमाशी पुरती कळली. पण कीर्तन संपल्यावर बुवांचा माणूस देणगीची वही घेऊन आधी आमच्याकडेच येतो, हेही खरे. असो.

सांगायचा मुद्दा वेगळा. त्याच चोवीसांत एक बाण करणारा आहे. तो बाणाचे टोक सरळ करण्यात इतका बुडालेला की शेजारून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली, याला पत्ता नाही. अवधूताने त्याला गुरू केले. बाण करणे हे काही फार सात्त्विक काम म्हणता येणार नाही. त्याने ते सोडावे, असे अवधूत म्हणत नाही. त्या चोवीसांतल्या कोणालाही आपण कोणाला शिकवतो आहोत याची जाणीव नव्हती. कबुतर, अजगर, कोळी, कांडताना बांगड्या वाजू नयेत म्हणून एकेक काढून ठेवणारी ती मुलगी, सगळे आपापल्या उद्योगात. शिकले कोण, तर बघणारा. मग नुसता खडू हातात घेतला म्हणजे गुरुपद आले, हे कुठून काढले?

ही अक्कल मला सुचली असे समजू नका. ती मला जरा शरमेच्या वाटेने मिळाली, ते सांगतो.

सुरुवात 2019 च्या पुरात झाली. ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावात शिरले, दुकाने बंद झाली. आमची वस्ती उंचावर, म्हणून आम्ही वाचलो. थोरला मदतीला म्हणून एका शाळेत जाऊ लागला. तिथे पुरातून आणलेली कुटुंबे ठेवली होती. भाकरी वाटून झाली, की पोरांना करायला काही नाही. याने त्यांना बसवून वजनमापाचे हिशेब घालायला सुरुवात केली. एवढ्या क्विंटलला एवढे, तर पावणेदोन क्विंटलला किती. त्यात आमच्याच हमालाचा एक पोरगा होता. सातवीत होता, पण भागाकार येत नव्हता. बाप रोज आमच्या काट्यावर पोती चढवतो, मुलाला काट्यावरचा आकडा वाचता येतो, पण त्याचे काय करायचे ते कळत नाही. दहा-बारा दिवसांत त्याला भागाकार आला. त्या रात्री थोरला घरी येऊन जेवला नाही. नुसता बसून राहिला. "अण्णा, सोळा वर्षं दुकान केलं, असं कधी वाटलं नाही," एवढेच म्हणाला. मी म्हणालो, "दमलायस. झोप."

मग टाळेबंदी आली. दुकानामागच्या कट्ट्यावर त्याची शाळा सुरूच राहिली. आणि एक दिवस त्याने बी. एड.ला प्रवेश घेतल्याचे सांगितले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, रोजची हजेरी. वर्गातली इतर मुले याच्या निम्म्या वयाची.

मी काय केले? भांडलो नाही. गुरुचरित्राचा सप्ताह धरला. संकल्प काय, तर मुलाची बुद्धी ठिकाणावर यावी. आज लिहिताना हसू येते. देवाला आपण किती सोयीने वापरतो! दुसऱ्या दिवशी दहावा अध्याय आला. वल्लभेश ब्राह्मणाची कथा लहानपणापासून वाचतो आहे, पण त्या दिवशी थांबून वाचली. तो उदीम करणारा माणूस. नफा झाला तर कुरवपूरला येऊन सहस्रभोजन घालीन, असा नवस बोलला. नफा झाला. द्रव्य घेऊन निघाला. वाटेत चोरांनी सोबत धरली, रात्री त्याचा घात केला. आणि श्रीपाद श्रीवल्लभ, जे तोवर कुरवपुरात गुप्त झाले होते, ते त्रिशूळ घेऊन धावून आले, चोरांना मारले, त्याला उठवले. मग वल्लभेशाने कुरवपुरी जाऊन नवस फेडला. मला बरे वाटले. बघा, महाराज व्यापाऱ्यासाठी धावले. 'आधी उदीम सोड, मग येतो' असे म्हणाले नाहीत. थोरल्याला हे ऐकवायचे म्हणून पोथीत खूण ठेवली.

पण पारायण अर्धे सोडता येत नाही. त्याच दिवशी सतरावा अध्यायही येतो. करवीरचा तो मतिमंद मुलगा. आईबाप गेलेले, विद्या येत नाही, गावाने हिणवून हिणवून जीव नकोसा केलेला. तो भिलवडीला येऊन भुवनेश्वरीपुढे जीभ कापून ठेवतो. देवी त्याला सांगते, नदीपलीकडे औदुंबराखाली जा. तिथे श्रीगुरू त्याच्या मस्तकावर हात ठेवतात. बस. औदुंबरला मी शंभर वेळा गेलो असेन, भिलवडीहून नावेने पलीकडेही गेलो आहे. पण त्या पोराला भागाकार न येणारा हमालाचा पोर मी कधी केले नव्हते. त्या दिवशी झाला. खूण काढून टाकली. दोन्ही अध्याय एकाच पोथीत, एकाच दिवशी वाचायचे. एकाने दुसरा खोडता येत नाही.

इथपर्यंत मनाची गोष्ट झाली. पुढची पैशाची आहे, आणि माझ्या मते तीच खरी.

यार्डात बातमी फुटली, की आमचा थोरला मास्तर होणार. आता पेठेत कोणाला हे सरळ पटेल? चालते दुकान सोडून कोणी पंधरा-अठरा हजारांवर जातो का? तेव्हा लोकांनी आपापल्या परीने अर्थ लावला: दुकान आतून पोकळ झाले असणार. ज्यांना अडत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतकरी आमच्याकडून पेरणीला उचल नेतो, तसेच माल विकल्यावर पट्टीचे सगळे पैसे उचलत नाही. पोरीच्या लग्नाला, विहिरीला लागतील म्हणून आमच्याकडेच ठेवतो. कागद असतो नसतो, विश्वास असतो. तो विश्वास एका आठवड्यात हलला. सोमवारी दोघे आले, मंगळवारी सात. "तसं काही नाही अण्णा, जरा नड होती." नड कसली ते दोघांनाही ठाऊक.

माझे हातपाय गार पडले. सगळ्यांनी एकदम मागितले तर रोख कुठून आणायची? धंद्यात पैसा मालात असतो, येण्यात असतो. मी थोरल्याला म्हणालो, "हे बघ तुझं विद्यादान. आजोबांच्या नावाची ही दशा केलीस." आणि तापून आणखी एक वाक्य बोललो: "तुकाराम महाराजांनी वह्या बुडवल्या, तशा तूही बुडव आणि हो मोकळा."

तो शांतपणे म्हणाला, "अण्णा, त्यांनी बुडवले ते येण्याचे कागद होते. देण्याचे नव्हेत."

मी गप्प झालो. आपण ती कथा किती वेळा ऐकतो. तुकोबांचे वडिलोपार्जित सावकारीचे कागद होते. लोकांकडून येणे होते. दुष्काळाने होरपळलेल्या लोकांना काय मागायचे, म्हणून ते इंद्रायणीत सोडून द्यायचे ठरले. पण परंपरा सांगते, की बंधू कान्होबा म्हणाले, तुम्ही साधू व्हाल, मला संसार आहे. तेव्हा तुकोबांनी कागदांच्या दोन वाटण्या केल्या. कान्होबांची वाटणी कान्होबांना दिली आणि फक्त आपली बुडवली. कीर्तनात इंद्रायणीचा प्रसंग रंगतो, वाटणीचा प्रसंग अर्ध्या मिनिटात उरकतात. मला आता वाटते, सगळे मर्म त्या वाटणीत आहे. माझे जे येणे आहे ते मी सोडू शकतो. भावाचे येणे मी सोडू शकत नाही. आणि जे देणे आहे, ते तर कोणत्याच वैराग्याने फिटत नाही, ते मोजूनच फेडावे लागते.

थोरल्याने तेच केले. बी. एड.चे वर्ग बुडवून तो अकरा दिवस गादीवर बसला. खतावणी उघडी ठेवली. जो आला त्याला चहा, पान, आणि पैसे. कोणाला 'थांबा' म्हटले नाही. स्वतःच्या नावावर एक प्लॉट घेऊन ठेवला होता, तो फुंकला. काही येणे कमीत तोडून वसूल केले, आणि त्यात जो तोटा आला तो आपल्या वाटणीत लिहिला, धाकट्याच्या नाही. ज्यांचे कागद नव्हते त्यांनाही आमच्या वहीत होते तेवढे दिले. आमचे दिवाणजी, आजोबांच्या वेळेपासूनचे घराणे, त्यांची ग्रॅच्युइटी म्हणावी तशी रक्कम वेगळी काढून त्यांच्या बायकोच्या हातात दिली. बाराव्या दिवशी कोणी आले नाही. तेराव्या दिवशी पहिल्या दोघांतला एक आला आणि नेलेले पैसे परत ठेवून गेला. "घरात ठेवायला भ्या वाटतंय," म्हणाला.

मी मुलाच्या निर्णयाला होकार दिला तो त्या दिवशी. शाळेसाठी नाही दिला. ज्याला देणे चुकते करून उठता येते, त्याला उठायचा अधिकार आहे, एवढेच मला समजले. ज्याला ते जमत नाही, त्याने कितीही उदात्त काम धरले तरी ते मला पळणेच वाटेल.

इथे थांबलो असतो तर लेख बरा झाला असता. पण एक देणे वहीत लिहिलेले नव्हते.

आपल्या महाराष्ट्रात धंदा सोडून शिक्षणाकडे वळलेला सगळ्यात मोठा माणूस कोण, विचाराल तर मी कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेईन. आमच्याच भागातले, कुंभोजचे. साताऱ्यात शिकवण्या घेत तेव्हा लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. मग किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले, पुढे साताऱ्याच्या कूपर कारखान्यात होते. नांगर खपवता खपवता त्यांनी खेडी पाहिली, खेड्यांतली पोरे पाहिली. 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. हे सगळे आपण शाळेत शिकलो.

आणि लक्ष्मीबाई? वसतिगृहात धान्य संपले, की त्यांचा एकेक दागिना जाई. शेवटी मंगळसूत्रही गेले. 1930 साली त्या गेल्या, नवऱ्याचा वटवृक्ष मोठा झालेला बघायला राहिल्या नाहीत. आपण याला त्याग म्हणतो, आणि तो होताच. त्यांनी तो मनापासून केला याबद्दल मला शंका नाही. त्या पोरांच्या त्या आईच होत्या. पण म्हणून प्रत्येक घरातल्या बाईकडे ते गृहीत धरायचे का? कर्मवीर होणे आपल्याला जमत नाही आणि लक्ष्मीबाई मात्र घरात हवी, असा आपल्या पुरुषांचा हिशेब असतो.

आमच्या सूनबाईंना मी एकदा विचारले. पट्ट्या फाडून झाल्या, गडबड शांत झाली, त्यानंतर. म्हटले, "तुझं काय म्हणणं होतं या सगळ्यावर?" ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अण्णा, मला सांगितलं. विचारलं नाही."

तो प्लॉट तिचा होता हो. कागदावर नाही. पण त्यावर घर बांधायचे, पुढे ओसरी, मागे परसात औदुंबर लावायचा, हे तिने चौदा वर्षे मनात बांधले होते. देणे फेडायला तो विकला, योग्यच केले. पण तिच्या खतावणीत ते आमच्या नावे निघते, आणि ते कसे फेडायचे ते ना मला ठाऊक, ना माझ्या मुलाला. तिने भांडण केले नाही. सकाळी साडेसहाला त्याचा डबा तयार असतो. पण घरात कोणी "केवढा त्याग!" म्हणून त्याचे कौतुक करायला लागले, की ती उठून आत जाते. मला तिचे बरोबर वाटते. आणि मी तरी काय तोंडाने बोलणार? सत्तेचाळीस वर्षांत दुकानाचा एकही निर्णय मी आमच्या मंडळींना विचारून घेतला नाही. सांगायचोही नाही.

म्हणून जे कोणी असे पाऊल उचलायच्या विचारात असतील, किंवा ज्यांची मुले असतील, त्यांना एवढेच म्हणतो: वाटण्या करताना कान्होबा कोण कोण आहेत ते आधी मोजा. ते नेहमी भाऊच असतात असे नाही.

आता शाळेविषयी दोन शब्द, कारण स्नेह्यांना वाटते की तो तिथे ज्ञानयज्ञ करतो. शिक्षणसेवक म्हणून निवड झाली तर पहिली तीन वर्षे मानधन, 2023 पासून माध्यमिकला 18 हजार. याच्या वयाला ती वाट मिळाली नाही. हा विनाअनुदानित तुकडीवर आहे, त्याहून कमी घेतो, आणि तेही वेळेवर मिळतेच असे नाही. वर्गात साठ पोरे. पहिल्या वर्षाच्या शेवटी मला म्हणाला, "अण्णा, दहांना मी शिकवतो. बाकीच्यांना सांभाळतो." मग थोड्या वेळाने म्हणाला, "दुकानात असं नव्हतं. ज्याचा माल आला त्याची पट्टी व्हायचीच. इथं पन्नासांची पट्टी राहून जाते." वर आणखी कागदपत्रे. ही माहिती भरा, ती ऑनलाइन भरा, आधारचे जोडणे करा. आणि गंमत म्हणजे मुख्याध्यापकांनी, हा व्यापाऱ्याचा मुलगा म्हणून, शालेय पोषण आहाराचा तांदूळ-डाळीचा साठा याच्याच गळ्यात घातला. आवक, खर्च, शिल्लक. मी म्हटले, "घ्या! वही सोडून गेलास आणि वहीच पुढे आली."

पण हसता हसता मला एकनाथ महाराज आठवले. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे ते हिशेब लिहीत. जनार्दनस्वामी म्हणजे थोर दत्तभक्त, आणि तरी किल्लेदारी सांभाळणारे. त्यांनी ती सोडल्याचे कोणी सांगत नाही. कथा अशी, की एका पैची चूक सापडेना म्हणून एकनाथ रात्रभर वहीत बुडून राहिले, आणि सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीपायी एवढे चित्त लागते, तर तेच संसारातल्या मोठ्या चुकीकडे लाव. यावर प्रवचनकार वहीला तुच्छ करतात. मला उलटे दिसते. त्या पैच्या पाठीमागे रात्रभर बसता आले, म्हणून तर ते चित्त होते. पुढे त्याच एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिली, शके 1495 मध्ये, म्हणजे 1573 साली काशीत पूर्ण केली. अवधूताचे चोवीस गुरू आपल्याला मराठीत समजतात ते त्या हिशेबनिसामुळे. आणि स्वामींनी त्यांना हिमालयात पाठवले नाही, पैठणला घरी पाठवले, संसार करायला.

तसेच आपले गुळवणी महाराज. टेंब्ये स्वामींचे शिष्य, शक्तिपाताचे अधिकारी. ते पुण्यात शाळेत चित्रकला शिकवत, साधे ड्रॉइंग मास्तर म्हणून नोकरी केली. किती पोरांनी त्यांच्याकडे पेला आणि कमळ काढले असेल, त्यांना समोर कोण उभे आहे याचा गंधही नसेल. मास्तरकी ही त्यांची पोटाची नोकरी होती. ती त्यांनी चोख केली. मोठेपण तिने दिले नाही आणि तिने अडवलेही नाही.

तेव्हा स्नेह्यांना माझे उत्तर असे: तो सुटला नाही. त्याने एक काम खाली ठेवून दुसरे उचलले. हलके आहे का जड, ते त्याच्या पाठीला ठाऊक. दुकान मी अजून उघडतो. गुडघे बोलतात, पण हळदीच्या हंगामात गादीवर बसल्याशिवाय करमत नाही. धाकटा पुण्याला आहे, तो येणार नाही. माझ्यानंतर पाटी उतरेल. त्याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? तीन पिढ्यांचे नाव आहे. पुरात भागाकार शिकलेला तो हमालाचा पोरगा आता बारावी होऊन अकाउंट्सला गेला आहे. सुट्टीत माझ्याकडे येऊन पट्ट्या लिहितो. अक्षर चांगले आहे.

परवा, म्हणजे हा लेख लिहायला घेतला त्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट. नऊ वाजले तरी थोरला साठ्याचे रजिस्टर पसरून बसलेला. तांदळात दोन किलोचा फरक येत होता. मी म्हटले, "दोन किलो ना? उंदरांच्या नावे लिही. कोण विचारतो?"

"पोरांच्या तोंडचा आहे, अण्णा," तो म्हणाला आणि पुन्हा पहिल्या तारखेपासून सुरू झाला.

मी चष्मा आणला, पलीकडे बसलो. तो आकडे वाचू लागला, मी जमा धरू लागलो. किती वर्षांनी असे समोरासमोर बसलो होतो. साडेअकराच्या सुमाराला सापडले. एका शुक्रवारची शिल्लक पान उलटताना चुकीची ओढली गेली होती, साताचे पाच. त्याने खोडून लाल शाईने सही केली आणि आळस दिला.

आतून सूनबाईंचा आवाज आला, "मिळाले का दोन किलो? मग दिवा घालवा. सकाळी डबा आहे."